डोंगरी जंगलात घोड्यांसह मुक्काम : तयारी, दावण आणि रात्रीची राखण

घोडे घेऊन डोंगरात मुक्कामी जायचे ठरवले की बहुतेक जण आधी वाटेचा, चढउतारांचा आणि आपल्या मांडीच्या पक्केपणाचा विचार करतात. प्रत्यक्षात अडचणी उभ्या राहतात त्या बहुधा खोगीर उतरल्यानंतर. दिवसा घोड्यावर माणसाचा हात असतो, तोंडात लगाम असतो आणि पुढेमागे सोबतचे घोडे चालत असतात. रात्री मात्र अनोळखी वास, अनोळखी आवाज आणि काळोख यांत त्याला दहा-बारा तास एका जागी राहायचे असते, आणि तेव्हा त्याला सावरून धरतो तो केवळ घरी झालेला सराव. म्हणून या लेखात वाटेपेक्षा मुक्कामाला आणि तंबूपेक्षा दावणीला अधिक जागा दिली आहे.

निघण्यापूर्वीची तयारी

घोडा निवडताना चपळाईपेक्षा स्वभाव पाहावा. फडफडणारी ताडपत्री, अंगावर घासणारी फांदी, पायाखालून वाहणारे पाणी आणि समोरून येणारा पाठपिशवीवाला माणूस यांपैकी कशानेही जो फार बुजत नाही, शेजारच्या घोड्याला दुगाण्या झाडत नाही आणि एकटा मागे राहिला तरी थयथयाट करीत नाही, असा घोडा डोंगरात कामाचा. चार-पाच वर्षांखालील कोवळ्या शिंगरांना अशा प्रवासात ओझ्याखाली घालू नये. एकमेकांना पूर्वी कधीही न भेटलेले घोडे थेट मुक्कामावर एकत्र आणणे हा तर भांडणाला दिलेला आग्रहाचा आवतणच होय; निदान काही दिवस ते शेजारी बांधलेले असावेत आणि एकत्र चाललेले असावेत.

शरीराची तयारी सहा ते आठ आठवडे आधी सुरू करावी. सपाटीवरच्या कदम चालीपासून आरंभ करून हळूहळू चढ, मग लांबी आणि सर्वांत शेवटी ओझे, हा क्रम ठेवला म्हणजे स्नायू, स्नायुबंध आणि पाठ यांना बळ येण्यास अवधी मिळतो. दम लवकर वाढतो, पण स्नायुबंध आणि हाडे मागाहून कणखर होतात. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत घोडा धापा टाकेनासा झाला म्हणून तो तयार झाला, असे समजू नये. खूप उंचीवर जायचे असल्यास चढून गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस काम हलके ठेवावे, कारण विरळ हवेची सवय माणसाप्रमाणे घोड्यालाही वेळ घेऊनच होते.

नालबंदी निघण्याच्या आठवडाभर आधी करून घ्यावी. आदल्या दिवशी नाल ठोकले आणि एखादा खिळा खुराच्या नाजूक भागाजवळ लागला असेल, तर त्याचे लंगडणे वाटेत कळते. सोबत खुराच्या मापाचा एक रबरी बूट ठेवावा; दगडधोंड्यांच्या वाटेवर नाल निखळला तर तोच घोड्याला खाली आणतो.

बांधून उभे राहण्याचा सराव हा या तयारीचा गाभा आहे. घोड्याला आधी तासभर, मग अर्धा दिवस, आणि शेवटी मुक्कामावर वापरणार तशाच दावणीला पूर्ण रात्र उभे करावे. पुढच्या दोन पायांना बांधायचा पायबंदही घरच्या मऊ जमिनीवर, मोकळ्या जागेत आणि माणूस जवळ असतानाच शिकवावा. पहिल्यांदा पायबंद घातल्यावर घोडा दचकतो, उड्या घेतो, कधी गुडघ्यांवर येतो. हे सारे कडेकपारीजवळ घडू देणे धोक्याचे आहे.

त्या वनक्षेत्राच्या व्यवस्थापनाकडून काही गोष्टी लेखी अथवा स्पष्ट शब्दांत विचारून घ्याव्यात : घोडे नेण्यास परवानगी आहे का, चरायला सोडता येते का, एका गटात किती जनावरे चालतात, शेकोटी कुठे पेटवता येते, चारा बाहेरून आणायचा असेल तर तो कोणत्या प्रकारचा असावा, आणि जनावरांचे आरोग्यविषयक दाखले लागतात का. अनेक संरक्षित वनांत तणांच्या बिया नसलेला प्रमाणित चाराच नेऊ दिला जातो, कारण घोड्याने खाल्लेल्या काही बिया लिदेतून जिवंत बाहेर पडतात आणि परके तण जंगलात रुजते. अशा ठिकाणी निघण्यापूर्वी तीन-चार दिवसांपासूनच तो चारा सुरू करावा, म्हणजे पोटातील जुन्या बिया घरीच पडून जातात. वाटेवर झाडे पडली आहेत का, ओढ्यांना पाणी किती आहे, लाकडी साकव घोड्याचे वजन पेलतो का, हेही त्याच वेळी विचारावे. मार्ग आणि परतण्याची वेळ मागे राहणाऱ्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावी.

ओझे आणि त्याचा तोल

स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक भार त्याच्या पाठीवर असू नये, हे सर्वसाधारण प्रमाण आहे. ४०० किलोच्या घोड्याला ते ८० किलो होते, आणि खोगिराचे वजन त्यातच धरायचे असते, याचा अनेकांना विसर पडतो. ओझ्याच्या घोड्यासाठी मी हे प्रमाण आणखी खाली, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास ठेवणे पसंत करतो, कारण स्वार चढावर पुढे झुकतो, उतारावर मागे रेलतो, दमलेल्या घोड्यावरून खाली उतरून चालू शकतो. पोते यांपैकी काहीच करीत नाही.

दोन्ही बाजूंच्या थैल्या समान वजनाच्या असाव्यात, आणि ते हाताने तोलून नव्हे, तर लटकत्या काट्यावर मोजून ठरवावे. अर्ध्या किलोपर्यंतचा फरक चालतो. त्याहून अधिक फरक असला की खोगीर हळूहळू जड बाजूकडे सरकू लागते, तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, एका बाजूला कापू लागतो आणि संध्याकाळी पाठ लागलेली दिसते. जड वस्तू थैलीच्या तळाशी आणि घोड्याच्या अंगाच्या बाजूला, टोकदार किंवा खडखडणाऱ्या वस्तू मध्यभागी कपड्यांत गुंडाळून, आणि पाठीच्या वरच्या ओझ्यात केवळ हलक्या वस्तू, अशी मांडणी ठेवावी. डब्यात चमचा वाजत असेल तर तो तेथेच थांबून काढावा. घोडा ते ऐकत तासन्‌तास चालतो आणि मग एखाद्या अरुंद वळणावर अचानक त्याचा संयम सुटतो.

निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांनी थांबून तंग पुन्हा तपासावा. सकाळी घोडा पोट फुगवून धरतो, आणि खोगिराखालचे पांघरूणही चालताना दबते, म्हणून पहिला ताण फसवा असतो. तंगाखाली सपाट हाताची बोटे सरकावीत, पण सहज फिरू नयेत, इतका तो आवळलेला असावा. चढाच्या वाटेसाठी छातीवरून जाणारा पेशबंद आणि उताराच्या वाटेसाठी शेपटीखालून जाणारी दुमची हवीच; ओझ्याच्या घोड्याला तर मांड्यांमागून जाणारा रुंद पट्टाही हवा, नाही तर लांब उतारावर सारे ओझे खांद्यांवर येते.

चारा, मीठ आणि पाणी

घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी काढता येत नाही, या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर त्याच्या खाण्याचे बहुतेक नियम आपोआप कळतात. थोडे थोडे, पण दिवसभर आणि मुख्यतः तंतुमय, असे त्याचे खाणे असते. कोरड्या चाऱ्याच्या हिशेबात त्याला दररोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो वैरण लागते. चार दिवसांच्या मुक्कामाला हेच ओझे एका घोड्यामागे २४ ते ३२ किलो होते. त्यामुळे तेथे चराई आहे की नाही, या एका उत्तरावर ओझ्याचे घोडे किती लागतील हे ठरते. दाबून केलेल्या चाऱ्याच्या वड्या कमी जागा घेतात, पण त्या भिजवूनच द्याव्यात, कारण कोरड्या वड्या अधाशीपणे गिळल्यास घशात अडकू शकतात.

चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, वाढवताना हात आखडता ठेवावा. कामाच्या दिवशी थोडे धान्य उपयोगी पडते, पण एका वेळी दोन किलोंच्या पुढे जाऊ नये, आणि ज्या दिवशी मुक्काम हलणार नाही त्या दिवशी ते कमी करावे. भरपूर धान्य खाऊन दिवसभर उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी एकदम कामाला लावला, तर त्याच्या मांड्यांचे स्नायू आखडून दगडासारखे होण्याचा आणि लघवी गडद तपकिरी होण्याचा धोका असतो. अशा वेळी त्याला एक पाऊलही चालवू नये. धान्य जमिनीवर न टाकता तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला अडकवायच्या पिशवीतून, द्यावे, म्हणजे ते वाया जात नाही, त्यासोबत माती पोटात जात नाही आणि सांडलेल्या दाण्यांवर रात्री जंगली जनावरे येत नाहीत. घामावाटे गेलेले मीठ भरून काढण्यासाठी रोज मूठभर मीठ चंदीत मिसळावे. मिठाचा खडा मात्र जमिनीवर ठेवू नये, कारण त्यावर हरणांसारखे प्राणी येतात आणि घोडे निघून गेल्यावरही ती जागा उकरत राहतात.

शांत उभ्या घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागते, आणि चढाच्या उकाड्यात ते दुपटीपर्यंत जाते. घामेजलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. डोंगरात या समजुतीने नुकसानच होते. वाटेत प्रत्येक स्वच्छ ओढ्यावर थांबावे, त्याला मान खाली घालता येईल इतका लगाम सैल सोडावा आणि बाकीच्या घोड्यांचे पिऊन झाल्यावरही शेवटच्याचे होईपर्यंत कोणी पुढे जाऊ नये, कारण सोबती निघाले की तहानलेला घोडाही तोंड काढून घेतो. पाणी पिऊन झाल्यावर मात्र त्याला तसेच उभे न ठेवता चालते करावे.

वाटेवर

डोंगरी वाटेवर तासाला चार-पाच किलोमीटर ही चाल पुरे समजावी, आणि दिवसाचा टप्पा असा आखावा की मुक्कामाची जागा सूर्यास्तापूर्वी निदान तीन तास गाठली जाईल. हा वेळ चहापाण्यासाठी नव्हे, तर घोडे थंड करणे, चारणे आणि दावण बांधणे यांसाठी लागतो.

नागमोडी वाटेची वळणे कापू नयेत. घोड्याच्या टापांनी उघडी पडलेली आडवाट पुढच्या पावसात ओहोळ बनते. ओझ्याचे घोडे एकामागोमाग जोडायचे असतील, तर मागच्याची बागदोर, म्हणजे त्याला धरून न्यायचा दोर, पुढच्याच्या खोगिराला थेट बांधण्याऐवजी मध्ये सुतळीचा एक फासा ठेवावा. एखादा घोडा कड्यावरून घसरलाच तर सुतळी तुटते आणि बाकीचे वाचतात. पायी चालणारे समोरून आले, तर त्यांना सर्वांनी एकाच बाजूला, जागा निर्धोक असल्यास उताराच्या अंगाला, उभे राहण्याची आणि काही तरी बोलत राहण्याची विनंती करावी. पाठपिशवी घेतलेला माणूस घोड्याला माणूस वाटत नाही, आवाज ऐकला की ओळख पटते. विजा चमकू लागल्या तर उघड्या धारेवरून शक्य तितक्या लवकर खाली उतरावे.

मुक्कामाची जागा

जागा शोधताना आधी घोड्यांसाठी जागा पाहावी आणि मग स्वतःसाठी. जमीन टणक आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. मऊ हिरवळ दिसायला सुंदर असते, पण दोन घोडे एका रात्रीत तिचा चिखल करतात. ओढा, तळे आणि मुख्य पायवाट यांपासून निदान ६० मीटर अंतर राखावे, म्हणजे लीद आणि मूत्र पाण्यात जात नाही. दरीचा तळ टाळावा, कारण रात्री थंड हवा तेथे साचते आणि चिलटेही तेथेच अधिक असतात. थोड्या उंचीवर, वारा खेळता असलेल्या जागी जनावरे शांत राहतात. मान वर करून प्रत्येक झाडाचा शेंडा पाहावा. वाळलेले किंवा पोखरलेले झाड, अथवा मोडून अडकलेली फांदी ज्या टप्प्यात कोसळू शकेल तेथे दावणही नको आणि तंबूही नको.

आणखी एक गोष्ट जुने घोडेवाले आवर्जून पाहतात. सुटलेला घोडा जवळजवळ नेहमी आलेल्या वाटेनेच परत फिरतो. त्यामुळे तंबू घोडे आणि परतीची वाट यांच्या मध्ये ठोकावेत. मध्यरात्री टापा वाजल्या तर त्या निदान कानांवरून तरी जातात.

मुक्कामावर पोहोचल्यावर खोगीर झटकन उतरवू नये. आधी तंग दोन भोके सैल करून घोड्याला दहा-पंधरा मिनिटे सावलीत उभे ठेवावे, म्हणजे दबलेल्या भागात रक्त हळूहळू फिरू लागते. मग खोगीर उतरवून खालच्या घामाचा ठसा नीट पाहावा. सारी पाठ ओली आणि मध्येच तळहाताएवढा भाग कोरडा दिसला, तर तेथे खोगीर अधिक दाबत आहे आणि घामाच्या ग्रंथी दबल्या आहेत असे समजावे. त्या जागेवर तळहात ठेवून बोटांच्या पेरांनी सावकाश दाबत न्यावे. घोडा पाठ खाली झुकवतो, कान मागे टाकतो किंवा कातडी थरथरवतो, तेथे दुसऱ्या दिवशी गाठ किंवा फोड येणार हे निश्चित. पांघरुणाला त्या ठिकाणी भोक पाडण्यापेक्षा आजूबाजूला जाडी वाढवणे अथवा एक दिवस पाठ मोकळी ठेवणे बरे. नंतर खरारा करून वाळलेला घाम काढावा, खूर खरवडून मधले खडे काढावेत, आणि आयाळीखाली, जबड्याखाली, शेपटीच्या बुडाशी व पायांच्या बेचक्यांत गोचीड आणि जळवा आहेत का ते हाताने चाचपून पाहावे.

उंच दावण

घोडा रात्रभर सरळ झाडाला बांधू नये. तो खुराने जमीन उकरतो, मुळे उघडी पाडतो, कंटाळून साल खातो, आणि बागदोर खोडाभोवती गुंडाळून घेत शेवटी नाक खोडाला लावून उभा राहतो. दोन झाडांच्या मध्ये डोक्याच्या वरून ताणलेला दोर, म्हणजे उंच दावण, हा सर्वांत सोयीचा उपाय आहे.

त्यासाठी एकमेकांपासून आठ ते बारा मीटरवर असलेली दोन जिवंत, मांडीपेक्षा जाड खोडांची झाडे निवडावीत. मधली जमीन टणक, शक्यतो पालापाचोळ्याची आणि दगडगोट्यांविना असावी. खोडाभोवती दोर थेट न गुंडाळता पाच सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पट्टा गुंडाळावा, म्हणजे साल कापली जात नाही. पट्टा जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आसपास असावा; घोडा उंच असेल तर त्याहून वर. दोर दहा ते तेरा मिलिमीटर जाडीचा आणि कमी ताणला जाणारा असावा. नायलॉनचा दोर भिजला की ढिला पडतो, म्हणून डोंगरात पॉलिएस्टरचा दोर अधिक भरवशाचा.

दोराचे एक टोक पहिल्या पट्ट्याच्या कडीत न सरकणाऱ्या फासाच्या गाठीने बांधावे. दोर दुसऱ्या झाडाकडे न्यावा, झाडाच्या हातभर अलीकडे दोरातच एक फासा घ्यावा, मोकळे टोक पट्ट्याच्या कडीतून फिरवून त्या फाशातून परत आणावे आणि अंगाचा भार टाकून ओढावे. मालमोटारीवरचा माल आवळणारे हीच ओढ वापरतात, आणि तिने एकटा माणूसही दोर तारेसारखा ताणू शकतो. ताणलेल्या दोराला मधोमध लोंबकळून पाहावे. इतक्या भारानेही तो घोड्याच्या डोक्याच्या पातळीखाली येता कामा नये. अंधार पडण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा हा ताण तपासावा.

घोडे बांधायच्या जागा दोरावर आधीच निश्चित कराव्यात. प्रत्येक जागी फिरकी असलेली कडी गाठीने पक्की बसवावी, म्हणजे ती दोरावर सरकणार नाही आणि बागदोरीला पीळही पडणार नाही. पहिली कडी झाडापासून निदान अडीच मीटरवर, आणि दोन कड्यांमध्ये तीन ते चार मीटर अंतर असावे. ज्या दोन घोड्यांचे जुळत नाही त्यांच्यामध्ये शांत घोडा घ्यावा.

आता बागदोरीची लांबी, जिच्यावर सर्व काही अवलंबून आहे. ती कडीतून सोडल्यावर तिच्या टोकाचा आकडा जमिनीपासून साधारण अर्धा मीटर वर लोंबला पाहिजे. इतक्या लांबीत घोड्याचे तोंड जमिनीवरच्या वैरणीपर्यंत पोहोचते, त्याला पाय मुडपून बसताही येते. पण दोराची झोळी होऊन त्यात पुढचा पाय अडकेल, इतकी ती सैल नसते. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो हे खरे, परंतु गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवे व्हावे लागते, आणि सलग काही रात्री तसे न मिळाल्यास तो दिवसा ठेचकाळू लागतो. बागदोर एका झटक्यात सुटेल अशा सुरगाठीने बांधावी, निरगाठीने कधीही नाही. ओढ बसल्यावर निरगाठ बोटांनी सुटत नाही. म्हणून धारदार सुरी दावणीजवळच्या ठरलेल्या जागी असावी आणि ती जागा सर्वांना ठाऊक असावी. गळ्यात दोर न बांधता मोहरकीलाच, म्हणजे तोंडावर चढवलेल्या साजालाच, बांधावे, आणि मोहरकीवर मालकाचा संपर्क क्रमांक लिहिलेली पट्टी असावी.

चराई

चरण्यासाठी घोडे सोडायचे ते माणूस जागा असताना आणि सर्व एकदम नाही. कळपाचा म्होरक्या कोण हे एव्हाना कळलेले असते. तो बांधलेला असला की बाकीचे लांब जात नाहीत, आणि तो सोडला तर त्याच्या गळ्यात घंटा व पायांत पायबंद हवा. पायबंद घातलेला घोडा फार पळू शकत नाही, असे समजून निर्धास्त होऊ नये. सराव झालेले घोडे दोन्ही पाय एकदम उचलून उड्या घेत आश्चर्यकारक वेगाने अंतर कापतात. सौर बॅटरीवर चालणारे पट्टीचे विद्युत कुंपण हलके आणि सोयीचे असते, परंतु ते घोड्याच्या मनातले कुंपण आहे. ज्याला घरी त्याची ओळख झालेली नाही, किंवा जो घाबरून धावत सुटला आहे, त्याला ते अडवू शकत नाही. म्हणून ते दिवसा वापरावे आणि रात्री दावण.

सोडण्यापूर्वी त्या पट्ट्यातून एक फेरी मारावी. कण्हेर, रोडोडेंड्रॉन, यू वृक्ष आणि नेच्यांचे दाट ताटवे यांच्याजवळ घोडे नेऊ नयेत. ओक वृक्षांखाली पडलेली फळेही जास्त खाल्ल्यास बाधतात. पोट भरलेला घोडा विषारी पाला सहसा टाळतो, भुकेला मात्र काहीही तोडतो, म्हणून पहिल्यांदा थोडी वैरण देऊनच सोडावे. घरी कोरड्या चाऱ्यावर असलेल्या घोड्याला कोवळ्या लुसलुशीत गवतावर पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा अधिक ठेवू नये, नाही तर पोटशूळ किंवा खुरांचा दाह ओढवतो. एका जागी गवत निम्मे खाल्ले गेले की जागा बदलावी.

रात्रीची राखण

माणसांच्या मुक्कामाविषयी येथे थोडेच सांगायचे आहे : स्वयंपाक दावणीपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावा, शेकोटी परवानगी असेल तेथेच आणि लहान ठेवावी. अस्वलांच्या प्रदेशात सर्व खाद्यपदार्थ, चंदीसुद्धा, बंद मजबूत डब्यात ठेवावेत किंवा फांदीवरून चार मीटर उंच व खोडापासून दीड मीटर दूर टांगावेत. खोगीर, तंग आणि लगाम जमिनीवर सोडू नयेत, कारण घामाच्या खारटपणासाठी साळिंदरे चामडे कुरतडतात. आडव्या ओंडक्यावर उलटी पांघरुणे वाळत घालून वर ताडपत्री टाकावी.

झोपण्यापूर्वीची फेरी कंटाळा न करता मारावी. प्रत्येकाला पाणी दाखवावे, रात्रभर पुरेल अशी वैरण समोर टाकावी, मोहरकी व गाठी चाचपाव्यात. घोड्याला काळोखात माणसापेक्षा पुष्कळ चांगले दिसते, परंतु उजेडातून अंधारात येताना त्याचे डोळे सावकाश सरावतात. म्हणून डोक्यावरच्या बॅटरीचा झोत त्याच्या तोंडावर मारू नये, आणि जवळ जाताना आधी आवाज द्यावा.

अंथरुणात पडल्यावर कान दावणीकडे असावेत. वैरण चावल्याचा संथ आवाज, अधूनमधून नाकातून सोडलेला फुरका आणि एखादा पाय बदलल्याची टाप म्हणजे सर्व ठीक आहे. चावणे एकदम थांबून सर्वांनी एकाच दिशेला कान रोखले, तर उठून पाहावे. एकच घोडा सारखा पाय आपटत असेल, तर त्याच्याकडे जावे, कारण तो अडकलेला असतो किंवा त्याचे पोट दुखत असते. घोडा सुटलाच तर त्याच्यामागे धावू नये. बाकीचे घट्ट बांधलेले आहेत याची खात्री करून, तोबऱ्यात मूठभर चंदी खळखळवत, त्याच्याकडे सरळ न जाता तिरक्या चालीने जावे. सोबती जागेवर असतील तर तो बहुधा घिरट्या घालून परत येतो.

आजार ओळखणे

निरोगी घोड्याचे आकडे कागदावर लिहून जवळ ठेवावेत. विश्रांतीत नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, आणि गुदद्वारातून घेतलेले तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. हिरडीवर अंगठा दाबून सोडला की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. कष्टाच्या चढानंतर अर्धा तास विश्रांती देऊनही ठोके ६४ च्या खाली येत नसतील, तर त्या दिवसाचा प्रवास तेथेच थांबवावा. लांब पल्ल्याच्या अश्वशर्यतींत घोडा पुढे जाण्यास योग्य आहे का, हे ठरवतानाही साधारण हाच आकडा पाहिला जातो.

पोटशूळाची लक्षणे अशी : वळून कुशीकडे पाहणे, वरचा ओठ मुडपणे, पुढच्या पायाने उकरणे, वारंवार बसणे-उठणे, लोळणे, लीद बंद होणे. वैरण लगेच काढून घ्यावी, पोटाला दोन्ही बाजूंनी कान लावून आतड्यांचा गुडगुडाट ऐकावा, लोळू लागल्यास सावकाश चालवावे आणि पशुवैद्याशी संपर्क साधावा. संपर्क होत नसेल अशा भागात जाण्यापूर्वीच पशुवैद्याकडून वेदनाशामक औषध, त्याची मात्रा आणि ते देण्याची पद्धत लिहून घेतलेली असावी. ऐकीव माहितीवर सुई टोचू नये. याशिवाय तापमापक, स्टेथोस्कोप, जखम धुण्यासाठी मिठाचे निर्जंतुक पाणी, कापूस, लांब पट्ट्या, खूर खरवडणी आणि पक्कड इतके साहित्य पुरते, आणि ते ओझ्याच्या घोड्यावर नव्हे, स्वाराच्या खोगिराला असावे.

मुक्काम उठवताना

सकाळी आधी चारा-पाणी, मग तंबू आवरणे, आणि सर्वांत शेवटी खोगीर, हा क्रम ठेवावा. चंदी खाल्ल्यानंतर तासभर तरी काम नको. दावणीखालची लीद ढिगात न ठेवता पाय किंवा काठीने पातळ पसरावी, म्हणजे ती लवकर वाळते आणि माश्या धरत नाहीत. खुरांनी पडलेले खड्डे मातीने बुजवून वर पालापाचोळा टाकावा, उरलेली वैरण गोळा करावी आणि पट्टे काढल्यावर दोन्ही खोडांवरची साल पाहावी. तेथे घासल्याची खूण असेल, तर पुढच्या मुक्कामाला पट्ट्याखाली जाड कापड घालावे.

घरी परतल्यावर आयाळ, शेपूट आणि पांघरुणे झटकून त्यांत अडकलेल्या बिया व काटे जाळून टाकावेत. घोड्यांना दोन दिवस धान्य कमी आणि वैरण मुबलक द्यावी, रोज सकाळी पाठ व तंगाची जागा दाबून पाहावी, आणि नाल हललेले नसले तरी नालबंदाला एकदा खूर दाखवावेत.